खाजणचा ठराव

माझ्या देशाचं नाव खाजण.
लोकसंख्या नऊ कोटी, चलन कवडी,
राष्ट्रपक्षी टिटवी,
ब्रीदवाक्य: भरती येईल तेव्हा बघू.
एका रमजानात सेहरीपर्यंत जागायचं म्हणून स्थापन केला,
फुजैरात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
आता सहावं वर्ष.
गावच्या शाळेत बोटाला शाई लावून घेतली होती
त्याला तेरा झाली.

दिवसा मी जहाजांना पाणी पोचवतो.
पाणी, कांदे, गोठलेल्या कोंबड्या, दोरखंड.
बाहेर नांगरावर इतकी जहाजं उभी असतात
की रात्री वाटतं, समोर अजून एक शहर आहे
आणि तिथे सगळे जागे आहेत.
त्यातल्या एका मिणमिणत्या दिव्यामागे निनाद दोरकुळकर,
हर्णैचा, दुसरा इंजिनियर,
मालकाने टाकलेल्या जहाजावर आठ महिने.
पगार नाही. डिझेल तळाला.
उतरला तर थकलेल्या पैशांवर पाणी सोडायचं,
म्हणून पाण्यावरच.
कठड्यावरून वाकून विचारतो,
"काय म्हणतंय गाव?"
गाव म्हणजे किनारा.

मग मी विश्वसभेत ठराव लिहायला घेतला.
कलम एक: खलाशी कोणाला म्हणावं.
कलम दोन: जहाज टाकून दिलं असं कधी धरावं.
साठ दिवस की नव्वद, यात अकरा रात्री गेल्या.
पठारांचं संयुक्त राज्य म्हणालं, आम्हाला समुद्रच नाही.
पेंग्विनांच्या पवित्र साम्राज्याने विचारलं,
खलाशी पक्षी असेल तर?
मी उपकलम घातलं: पक्षी असला तरी.
एकाने मालकांची बाजू इतकी नेटकी मांडली
की चौथ्या कलमातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्याचंच आहे.
सचिवांनी कळवलं,
उद्या भूमितीचा पेपर आहे, संध्याकाळी नोंदवतो.

साठ प्रतिनिधींची संमती लागते.
मी दोनशे बारा पत्रं पाठवली, बार्जवर उभा राहून,
अंगठ्याने, काचेवर मिठाची पापडी.

मतदानाच्या तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.
खालून ओरडून सांगितलं,
"नऊ हजार देश तुझ्या बाजूने आहेत!"
तो हसला, खोकला येईपर्यंत.
मग म्हणाला, "आणि विरोधात?"
"सात हजार."
"कोण रे ते?"
बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिला,
जणू त्यांची तोंडं आठवतोय.

ठराव मंजूर झाला.
त्याच मिनिटाला खाजणची जहाजबांधणी दोन टक्के खाली,
करुणेच्या यादीत मी चारशे पायऱ्या वर.
खिडकी उघडून पाहिलं.
दिवे होते तेवढेच.

त्याने मसुदा मागितला.
छापून बादलीतून वर पाठवला, कांद्यांवर ठेवून.
आठवड्याने परत आला,
ग्रीसचा अंगठा उमटलेला,
आणि कलम दोनमध्ये एका शब्दाभोवती वर्तुळ:
‘मालक बेपत्ता असेल *आणि* पगार थकला असेल’.
समासात लिहिलेलं,
आमचा मालक बेपत्ता कुठेय? फोन उचलतो की.
बघतो म्हणतो.

सोळा हजार देशांनी वाचला होता.
मी स्वतः चाळीस वेळा.
ज्याच्यासाठी लिहिला तोच नेमका बाहेर राहिला होता,
एवढ्याशा ‘आणि’मुळे.

त्या रात्री माझाच ठराव रद्द करण्याचा ठराव
मीच मांडला.
पठारवाले म्हणाले, वेड लागलंय.
पेंग्विन मात्र पहिल्या तासात सोबत आले.

आज नवा मसुदा नेलाय.
‘आणि’च्या जागी ‘किंवा’,
मांडणाऱ्यांत दोन नावं.
दोर ताणतो, बादली वर जाते,
गंजलेल्या पत्र्यावर दोनदा आपटते,
थोडं पाणी माझ्या डोक्यावर सांडतं.
वरून तो ओरडतो,
"अरे, पेन?
पेन पण पाठव."