वराहाच्या पोटाखालून

कन्हानचा पूल मागे पडला. दमूताई गप्पच.
मांडीवर पिशवी, पिशवीत दोन साड्या,
बीपीच्या गोळ्या, आणि का कोण जाणे
घरातलं इस्त्रीचं जुनं फडकं.
मी रेडिओ लावला, तिनं बंद केला.
ट्रकांच्या मागे मागे आमची अल्टो
सिवनीच्या दिशेनं, पन्नासच्या वेगात.
मला घाई नव्हती. तिला तर नसावीच.

परवा तिकडून फोन आला होता,
भाऊजींचा उजवा हात गेला, वाचाही जड झाली, या.
अकरा वर्षांत आलेला पहिला फोन.
ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही,
भाकरी उलटवून पिशवी भरायला लागली.

मनसरच्या फाट्यावर एकदम म्हणाली,
"उजवीकडे घे."
"तिकडं तर रामटेक."
"ठाऊक आहे मले. घे."

फाल्गुन उतरणीला लागलेला,
चाकांनी चपटी केलेली पळसाची फुलं डांबरावर,
मॅंगनीजच्या धुळीनं करडी झालेली बाभूळ.
गड चढताना गाडी कण्हली, पहिल्या गिअरवर आली,
आणि एका वळणावर खाली अंबाळा दिसला,
घाटांच्या पायऱ्या पाण्यात सोडून बसलेला.
त्याच्या पल्याड, उन्हात डोळे मिटून, खिंडसी.
"लग्नानंतर एकदा आलो होतो," ताई म्हणाली,
आणि पुढचं वाक्य तिनं खिडकीबाहेर टाकलं.

इथे कोणकोण थांबून गेलं!
राजे, राण्या, फौजा, साधू,
ढगाला निरोप सांगणारा एक विरही यक्षसुद्धा,
असं गावातला पानवाला पैजेवर सांगतो.
आम्ही थांबलो ते पार्किंगचे तीस रुपये भरून.

दरवाज्याशी वराह उभा, अख्ख्या शिळेचा.
चार पायांमधून जेमतेम पोर सरकेल एवढी फट,
आणि पोटाखालचा दगड पाठींनी घासून
दुधाच्या भांड्यासारखा गुळगुळीत.
पापी असेल तो अडकतो, म्हणतात.
फुलं विकणारी अनसूयाबाई हसली,
"जा नं बाई, मोठमोठे ठेकेदार जातात निघून!"

छप्पन्न वर्षांची माझी बहीण
पदर खोचून गुडघ्यांवर बसली.
डोकं गेलं. खांदे गेले. मग थांबली.
मला तिच्या फक्त टाचा दिसत होत्या,
भेगाळलेल्या, एका टाचेला हळद.
किती वेळ? दोन माकडं भिंतीवरून उतरली, इतका.
"अडकलीस का?" मी वाकून विचारलं.
आतून आवाज आला, दगडातून यावा तसा,
"थांब जरा. इथं गार आहे."

पलीकडून निघाली ती कोपर खरचटून.
धूळ झटकली. म्हणाली,
"अडकले असते तर तुला म्हटलं असतं,
बघ, मी काही जाण्याजोगी नाही, घरी चल."
मी काय बोलणार?
तेवढ्यात काळतोंड्यानं पिशवीवर झडप घातली,
हाती लागलं इस्त्रीचं फडकं.
बुरुजावर बसून त्यानं ते पसरलं, हुंगलं,
आणि तेव्हा मला दिसली त्या चिंधीची कॉलर,
निळ्या रेघांची, एक बटण अजून शाबूत.
ताईनं बघितलं. दगड उचलला नाही.
"घेऊ दे त्याले."

खाली बाजारात तिनं कपुरी पानांची गड्डी घेतली,
भाव न करता, हे तिच्यासाठी नवलच.

पुन्हा मनसरचा फाटा.
डावीकडे नागपूर, उजवीकडे सिवनी.
मी इंडिकेटर न देता उभा राहिलो.
मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला,
ड्रायव्हर खिडकीतून काही बोललासुद्धा.
ती पानाचं देठ खुडत होती.
"उजवीकडे," म्हणाली.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर,
साग सुरू झाला तेव्हा,
"गोळ्या तर वाचल्या नं रे?"
आणि मग तिनं डबा उघडला.