नागीण गेल्यावर

खपल्या पडल्या, नागीण गेली,
तिचा रस्ता मात्र बरगडीवर राहिला.
सदरा टेकला तरी भाजायचं,
पंख्याचा वारासुद्धा टोचायचा.
रात्री उघडाच बसायचो गॅलरीत,
नाशिक रोडवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजत.
प्रेसमध्ये एकतीस वर्षं कोऱ्या नोटा मोजल्या,
मोजताना माणूस जरा बाजूला होतो स्वतःपासून.

डॉक्टर कोठावदे म्हणाले, मलम देतो. मिरचीतलं आहे.
मी हसलो. अर्धाच, कारण हसलं की बरगडी.
ते म्हणाले, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा असतात,
मिरची त्यांना ओरडायला लावते,
दिवसातून चार वेळा, रोज,
शेवटी घसा बसतो त्यांचा.
म्हणजे दुखणं जात नाही?
निरोप्या थकतो, म्हणाले. सगळ्यांचाच थकतो असंही नाही.
आणि पुढचा नंबर पुकारला.

पहिले आठ दिवस काय सांगू.
विस्तवावर विस्तव.
एकदा तेच बोट डोळ्याला लावलं,
एकदाच.
शालन म्हणाली, फेका ते गोदावरीत.
मग म्हणाली, नको, माशांनी काय केलंय.

एप्रिलात तिखट कांडायला भद्रकालीत गेलो.
हमीदाबीच्या डंक्याचा ठसका
गल्लीच्या तोंडाशीच हात धरतो.
लवंगी, बेडगी, वर थोडं तेल;
ती कोपरापर्यंत लाल.
विचारलं, हात भाजत नाहीत?
म्हणाली, नवी नवरी होते तेव्हा
परातीतल्या ताकात हात बुडवून
बसल्या बसल्या झोपायचे.
मग एक दिवस हात गप्प झाले.
आता चहा गरम आहे का ते सून सांगते.
रमजानमध्ये महिनाभर डंका बंद ठेवला
की परत बोलायला लागतात मेले.

पिशवी गरम होती. पोटाशी धरून
रिक्षात बसलो, चुकून डाव्या बाजूला.
द्वारकेच्या खड्ड्यापर्यंत लक्षातच आलं नाही.

काल लग्नाला निघताना
शालननं सदऱ्याची बटणं लावून दिली.
तिसऱ्या बटणाशी बोटं घसरली, बरगडीला लागली.
ती थांबली. मीही.
काही नाही.
नुसती बोटं,
जराशी गार,
भांडी विसळून आली असावी.