सोमवारी, कुताइसीत

तुझ्या वहीत प्रत्येक जागेपुढं वेळ लिहिलेली.
सव्वानऊ, संग्रहालय. सोमवारी बंद,
हे दाराला टेकून झोपलेल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.
साडेअकरा, मठ. घुमटाभोवती परांची,
देवदूतांच्या तोंडावर निळी ताडपत्री.
केबलकारचं म्हणशील तर वारा सुटलेला.
आपण भांडलो, हळू आवाजात,
परक्या गावात भांडतात तसं.

आणि वर चुकीच्या व्हॅनमध्ये बसलो.
शेवटच्या थांब्यावर गोचानं इंजिन बंद केलं,
सहा बोटं दाखवली: परत, सहाला.
तोवर त्याच्या मेहुणीच्या अंगणात
अक्रोडांच्या ढिगापाशी नेऊन बसवलं आपल्याला.

एतेरीनं विचारलं काहीतरी.
आपण मराठीतच सांगितलं काहीतरी.
तिचं समाधान झालेलं दिसलं.
हिरवी सालं सोलत राहिलो,
तुझी वही तू बुडाखाली घेतलेली,
जमीन ओली होती म्हणून.

विमानतळावर शिक्का मारणारा तरुण
पासपोर्ट सोडून आपली काळी बोटं बघत बसला.
साबणानं जात नाही, म्हणाला,
महिना तरी लागेल.
माहितेय, तू म्हणालीस, अगदी तिथलीच असल्यासारखी.

तुला कुठलं माहीत होतं!