दोनशे धागे

सर्व्हर म्हणजे काय, हे बाबांना सांगताना
मी म्हणालो होतो, आत दोनशे धागे असतात.
दारात आलेल्या एकेकाचं काम
एकेक धागा उचलतो,
झालं की परत कांडीवर.

बाबा हसले.
तांडापेठेत खड्ड्याच्या मागावर
चाळीस वर्षं पाय सोडून बसलेला माणूस.
म्हणाले, "दोनशेत तं पोरा
लुगड्याचा काठ बी नाही होत."

आज एक तारीख, मे महिना.
परसोडीचं आयटी पार्क, चौथा मजला,
रात्रीचे अडीच, भिंती अजून तापलेल्या.
एसी दहालाच बंद करतात,
वॉचमन ढोमणेकाकांनी त्यांचा कूलर ओढत आणून दिलाय.
चौदा तालुक्यांतल्या अंगणवाडी सेविकांचं मानधन
सर्व्हरच्या पोटात.
हिरवा दिवा लागलेला आहे.
उत्तर येत नाही.

दोनशेच्या दोनशे अडकलेत.
एकही तुटलेला नाही.
डेटाबेसची एक जोडणी मिळावी म्हणून
नुसते उभे, सरकारी दवाखान्यात
नंबर पुकारायची वाट बघावी तसे.

फोनवर निमजेसाहेब, "रीस्टार्ट मार ना बे,
मागच्या महिन्यात मारला होता तसा."
मारला होता. त्याच्या मागच्या महिन्यातही.

ताणा तुटला की बाबा धोटा बाजूला ठेवत,
बोट जिभेला लावत,
आणि खिडकीकडे मान वळवून
टोक सापडेपर्यंत कुणाशी बोलत नसत.
व्यापारी दारात उभा असला तरी.

मी थ्रेड डम्प घेतला.
नऊ हजार ओळी.
कूलरचं पाणी संपलं, पंपाचा खडखडाट सुरू झाला.
खाली, आणखी खाली, एकाच मेथडचं नाव,
पुन्हा तेच, पुन्हा तेच.
तिनं जोडणी उघडली होती,
मध्ये चूक आली तर बंद करायची राहिली होती.
वर तारीख, लिहिणाऱ्याचं नाव: रा. हेडाऊ.

मीच.
लग्नाच्या आदल्या आठवड्यातला कोड.
हळद लागलेल्या हातांनी लिहिलेला असावा.

एक ओळ घातली. बिल्ड. वॉर फाइल. डिप्लॉय.
रीस्टार्ट तर शेवटी करावा लागलाच.
मग लॉग सरकू लागला,
कुही, मौदा, भिवापूर, पारशिवनी,
जमा, जमा, जमा,
मध्येच एक नापास, खातं क्रमांक चुकीचा,
तेवढीच एक बाई उद्या रागावून फोन करेल.

सहाला खाली टपरीवर तर्री-पोहे खाल्ले.
निमजेसाहेबांना मेसेज टाकला: झालं.
कुणाची चूक, ते लिहिलं नाही.

घरी बाबा जागेच.
"तुटला होता का?"
"नाही. अडकला होता."
"अडकलेला वाईट," ते म्हणाले,
"तुटला तं दिसते तरी."

आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठले,
माग होता तिथल्या नव्या फरशीवर
पाय न ठेवता,
खड्ड्याएवढा वळसा घालून.