बॉयलरचं कपाट

शेफिल्डला दूध विरजायचं तर आधी ऊब शोधावी लागते.
पहिल्या हिवाळ्यात दोनदा नुसतं तारेचं पाणी झालं.
मग भिंतीपलीकडच्या मिसेस स्टॅनिफोर्थनं
स्वतःचं बॉयलरचं कपाट उघडून दाखवलं:
मी इथं टॉवेल ठेवते, तू तुझं भांडं ठेव.
तेव्हापासून तेवीस वर्षं
आमचं दही पंचे आणि अभ्र्यांच्या सोबतीनं लागतं.

दिवसा मी औषधांच्या काउंटरमागे.
पाठीमागच्या फळीवर बाटल्या:
दहा अब्ज, पन्नास अब्ज, शंभर अब्ज,
जशी लिलावात बोली चढावी.
पोट फुगतं, म्हणतो ट्रामचा ड्रायव्हर, यानं जाईल?
जाईल. किंवा नाही जाणार.
चार आठवडे घ्या, फरक नाही पडला तर पैसे वाचवा.
(मालकाला हे शेवटचं वाक्य आवडत नाही.)
अँटिबायोटिकनं बेजार झालेल्या त्या विद्यार्थिनीला
खरंच उतार पडला. बिस्किटांचा पुडा घेऊन आली सांगायला.
बाटलीनं की दिवस गेले म्हणून, कोण सांगणार;
पुडा मात्र मी ठेवून घेतला.

बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा, सांगते मी सगळ्यांना,
नुसत्या आडनावावर जाऊ नका.
आडनाव जोशी म्हणून कुणी भविष्य सांगत नाही.
आणि शेवटी, पैसे घेता घेता, पाठ झालेलं:
केमो चालू आहे? छातीत नळी? नुकतं मोठं ऑपरेशन?
नाही, नाही, नाही, म्हणतात लोक
आणि पिशवी उचलतात.

मार्चमध्ये उपेंद्रच्या छातीत नळी बसवली.
जर्मनीतल्या कुणा अनोळखी माणसाची अस्थिमज्जा
थेंब थेंब त्याच्यात उतरली.
पांढऱ्या पेशी: शून्य पूर्णांक एक.
ब्रोन्वेन नावाची आहारतज्ज्ञ, माझ्या लेकीच्या वयाची,
यादी वाचत होती: जिवंत काही नको.
मऊ चीज नको, कॅप्सूल नको, दही नको.
आणि मी, पंधरा वर्षं हेच दुसऱ्यांना सांगणारी,
विचारलं: घरचं असलं तरी?

ती हसली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.
म्हणाली, आतड्यात जो सोयरा
तो रक्तात शिरला की सोयरा राहत नाही.
असं क्वचित होतं. पण त्याच्याकडे आत्ता
दाराशी उभं राहायला माणूसच नाही.

घरी आला तर भात पुढ्यात घेऊन बसून राहायचा.
पांढरा, मोकळा, कोरडा भात.
एक चमचा, म्हणाला एकदा. मुलासारखा नाही,
हिशोब मांडून, इंजिनियरसारखा: एका चमच्यात असे किती असतील?
मला आकडा माहीत होता.
मी सांगितला नाही, भांडं उचललं,
आणि चपला न घालताच शेजारी गेले.

मिसेस स्टॅनिफोर्थ ब्याऐंशीच्या आहेत.
एक दिवसाआड लावायचं, मी म्हटलं,
दूध बोटाला सोसेल इतकंच गरम.
कुणाचं बोट? त्यांनी विचारलं. बरोबरच होतं.
आता त्या ते रुबार्बबरोबर खातात,
फार आंबट आहे अशी तक्रार करतात, आणि संपवतात.
उरलेलं चमचाभर पुन्हा दुधात.

आज एकसष्टावा दिवस.
कामावरून आले की मी कोपरापर्यंत हात धुते.
रात्री सवयीनं कपाट उघडते, ऊब असते,
पंचे असतात, मधली जागा रिकामी.
तेवढ्यात भिंतीवर दोन टकटक येतात.
एक म्हणजे फसलं. दोन म्हणजे लागलं.

घट्ट असणार, म्हणतो उपेंद्र
डोळे न उघडता,
आज पाऊस नव्हता ना.