चकव्याचे पाय

चांडक शेठचा भाचा शिकागोहून आला
तेव्हा त्याच्या बॅगेत एक रिकामं खोकं होतं.
खोक्यावर सुळेवाला एक सभ्य गृहस्थ
चमच्यात मावेल एवढंच हसत होता.
शेठ म्हणाले, शालिकभाऊ,
तिकडचे पोट्टे भूत पाहून नाश्ता करतात म्हणे.
आपल्याले बी एक भूत पायजे.
इथलं पायजे. अन् भेव नाही वाटलं पायजे.

बाबांनी तोवर रंगवल्या होत्या
इतवारीतल्या दुकानांच्या पाट्या,
एका सर्कशीचा वाघ,
अन् दर पोळ्याला दोन-तीन बडग्यांचे डोळे.
रात्रभर बसले.
सकाळी शीटवर चकवा उभा:
मक्याच्या रंगाचा, हातात कंदील,
पाय उलटे.
बाजूच्या वाटीत गोल कड्या,
कारण चकवा लागला की माणूस गोलच फिरतो.

हिंगण्याला भट्टी पेटली, सत्त्याऐंशी साली.
कड्या टाकल्या की दूध नारिंगी व्हायचं म्हणे.
आमच्याकडे दूध चहापुरतं;
आम्ही गोणीतल्या फुटक्या कड्या
कोरड्याच खायचो, तिखट-मीठ लावून,
कधी पोह्यांवरच्या तर्रीत बुडवून.

पहिल्याच महिन्यात धरमपेठेतली एक बाई
खोकं परत घेऊन आली.
मुलगी रात्री उठून रडते.
चकव्याचे दात गेले.
पुढच्या वर्षी कंदील गेला, चमचा आला.
मग एका डॉक्टरने विचारलं,
पोरांची शी नारिंगी काहून होऊन राहिली?
कड्यांचा रंग उतरला, त्यांच्यासोबत चकव्याचाही.
मग मुंबईहून एक साहेब आला,
त्याने चकव्याला शाळेचा टाय घातला
अन् पाठीवर दप्तर.
बाबा घरी येऊन म्हणाले,
आता फक्त याची हजेरी घ्यायची राहिली.

पाय मात्र त्यांनी सरळ केले नाहीत.
शेठ बोलले, साहेब बोलला,
बाबा हो हो म्हणाले,
अन् दर वेळी पाय उलटेच छापून आले.
सरळ केले तर तो कुठे चालला ते समजंल,
मग चकवा कायचा?

खोक्याच्या मागे भूलभुलैया होता.
चकव्याला घरी पोचवा.
बाबांनी तो रात्री दीडला काढलेला,
डोळ्यांवर झोप,
एक भिंत जास्तीची पडली.
वाट नव्हतीच.
चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.
मग उमरेडहून पोस्टकार्ड,
दुर्वास घरडे, इयत्ता तिसरी:
काका, मी रोज बोट फिरवतो.
रस्ता नाही. तो घरी कसा जाईल?
बाबांनी ते खिशात ठेवलं.
उत्तर लिहू लिहू म्हणता
शर्ट धुवायला गेला.

नंतर परदेशी खोकी आली,
त्यांवरची जनावरं व्यायाम करायची.
भट्टी विझली.
शेवटचा पगार शेठने खोक्यांत दिला,
न घडी घातलेली, अकराशे.
माझ्या वह्यांना चकवा,
फळीवर डब्यांखाली चकवा,
कूलरची गळकी बाजू टेकवायला चकव्यांचा गठ्ठा.

त्या वर्षी गल्लीतल्या पोरांनी
उरलेल्या खोक्यांचा बडग्या केला, दोन माणसं उंच.
डोळे बाबांनी रंगवले.
दात परत दिले. कंदीलही.
टाय कोणी तरी आधीच काढला होता.
ईडा पीडा घेऊन जा गे मारबत,
लोक ओरडत होते,
आम्ही मागून चालत होतो.
मिरवणूक नाईक तलावाकडे चाललेली
अन् त्याच्या पायांची बोटं
सगळ्या रस्ताभर आमच्याकडे.
बाबांनी जळताना पाहिलं नाही.
चहा प्यायला गेले.

एक खोकं मी ठेवलंय.
ओलीने फुगलंय, नारिंगी आता विटकरी.
ब्लेडने ती भिंत खरवडता येईल,
दोन मिनिटांचं काम.
उमरेडचा तो पोरगा आता पन्नाशीकडे आला असेल,
कुठे असेल कोण जाणे.
त्याला एवढंच कळवायचं होतं की
भिंत चुकून पडली,
पायांचं तेवढं
मुद्दाम होतं.