आडोसा

स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे सहसा चार, कधी दोन,
एकदा तर नुसती आडवी रेघ.
जयवंती भोये, क्रमांक एकोणीस, तालुका पेठ.
आडोशाचा रकाना त्या कागदावर नाही.
पाय रुंद, हात छातीशी, आणि हलायचं नाही.
धावत येणारी माझ्या बरगड्यांवर आदळते,
तेवढ्यात देवयानी खैरनार पलीकडून निसटते
आणि सातपूरचा अख्खा हॉल तिच्या नावाने उठतो.

द्वारकेला तिचं होर्डिंग आहे.
त्यात डाव्या कडेला एक कोपर दिसतं.
ते माझं. आईला दाखवलं, तिने लगेच ओळखलं.

बसमध्ये शेवटचं बाक तिचं. कानात इअरफोन, डोळे मिटलेले.
पुढे आम्ही: नाझनीन, हर्षाली, देवळालीची शेरिल.
कसाऱ्याला घेतलेल्या शेंगांची पुडी हातोहात फिरायची,
मागपर्यंत कधी पोचली नाही.
ती मागतच नाही, असं आम्ही म्हणायचो.
तिचा एका मोसमाचा करार
म्हणजे आम्हा चौघींचा मिळून, वर बोनस,
हा हिशेब मात्र सगळ्यांचा तोंडपाठ.

डिसेंबरात तिचा घोटा गेला.
निफाडला पारा पाचावर, हॉलमध्ये चेंडू दगड झालेला,
ती कडेला बसलेली, पायावर बर्फ. त्या थंडीत बर्फ.
आणि आम्ही जिंकलो.
पुन्हा जिंकलो. तिसराही.
चेंडू शेंगांच्या पुडीसारखा फिरायला लागला,
मी चौदा गुण केले, पेपरात नाव आलं,
जयवंतीचं जयंती करून.
रात्री गंगेवर पायऱ्यांवर बसलो होतो.
हर्षाली म्हणाली, बरंच झालं की गं.
मी काही बोलले नाही.
बोलले नाही म्हणजे
मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या सामन्यात समोरच्यांनी आम्हाला ओळखलं.
मी आडोसा दिला, अंगावर कुणी आलंच नाही.
वळून पाहिलं तर माझ्यापुढे एक, शेरिलपुढे एक,
प्रत्येकीला एकेक, नीट मोजून वाटलेली.
मग ती मोकळी जागा कुठे गेली,
जिथे मी वर्षभर निवांत उभी राहून
चेंडूची वाट बघायचे?
माझी म्हणून मिरवलेली ती जागा.
देवयानीवर नेहमी दोघी धावायच्या.
त्यातली एक माझी असायची.

सव्वीस गुणांनी हरलो.
कडेला बसून ती वहीत काहीतरी लिहीत होती.
फडोळ सरांनी भाषण केलं नाही. उद्या सहाला, एवढंच.

सहाला एमआयडीसीतली रात्रपाळी घरी चाललेली,
तोंडातून वाफा.
हॉलचं कुलूप आधीच काढलेलं.
आत ती, घोट्याला पट्टी,
उभी माझ्या जागेवर. नेमकी माझ्याच.
वही जमिनीवर उघडी: बाण, फुल्या,
आणि फुल्यांखाली एकोणीस, एकोणीस, एकोणीस.
म्हणाली, तू कोपऱ्यातून निघ. आडोसा मी देते.

नाझनीन धावत आली
आणि आमची होर्डिंगवाली कागदासारखी बाजूला झाली.
पाय रुंद कर, मी म्हटलं.
आणि डोळे मिटू नकोस,
मिटले की जास्त लागतं.

तिने पाय रुंद केले. घोट्यातून कळ गेली असणार.
या वेळी धप्प झालं.
मी निसटले, मोकळी, इतकी मोकळी
की जरा घाबरलेच.
चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर.

ती जमिनीवर बसून बरगडी चोळत होती.
रोज एवढं लागतं तुला?
सवय होते, मी म्हटलं.
खोटं होतं ते.
चेंडू घरंगळत पार दारापाशी गेला होता,
तो आणायला निघाले.